कौतिकचं नुसतं कौतुक नको

(विहाराच्या वर्धापनदिनी आंजी (मोठी) येथे उद्धव शेळके यांच्या ‘धग’ या कादंबरीवर दिलेले भाषण)



समितीने आम्हाला बोलायला सांगितले आणि विषय आमच्यावर सोडला. वर्धापनदिनाला बहुतेक धम्मावर किंवा बाबासाहेबांच्या चळवळीवर भाषण होते, आणि ते झालेच पाहिजे. ते सांगणारी जाणती मंडळी आज या व्यासपीठावर आहेत. आम्ही मात्र आज एका कादंबरीवर बोलणार आहोत. गिरणीतल्या माणसाने कादंबरीवर बोलावे याचे काहींना नवल वाटेल. आमचे शाळेतले शिक्षण थोडके. बाकीचे जे काही झाले ते पाळी सुटल्यावर, वाचनालयातून आणलेल्या पुस्तकांवर आणि चळवळीतल्या बैठकांत झाले. तेव्हा समीक्षकासारखे काही आमच्याकडून निघणार नाही. पुस्तकात जे वाचले आणि गावात, गिरणीत, वावरात जे पाहिले, ते शेजारी शेजारी ठेवून दाखवू. पटले तर घ्या.

कादंबरीचे नाव ‘धग’. लेखक उद्धव शेळके, अमरावतीकडचे. कादंबरी निघाली १९६० साली. त्याच वर्षी १ मे रोजी महाराष्ट्र राज्य झाले. म्हणजे विदर्भ ज्या वर्षी या नव्या राज्यात आला, त्याच वर्षी वऱ्हाडातल्या एका फाटक्या घराची ही गोष्ट मराठी वाचकांच्या पुढ्यात आली. शेळके १९९२ साली गेले. त्यांनी पुष्कळ कादंबऱ्या लिहिल्या, लेखणीवरच संसार चालवला, पण त्यांचे नाव निघाले की लोक अगोदर ‘धग’चे नाव घेतात. याच नावाचा एक मराठी सिनेमाही आहे, त्यातल्या नटीला राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला आहे. पण त्याची गोष्ट वेगळी, स्मशानात काम करणाऱ्या घराची. वाचनालयात पुस्तक मागताना घोटाळा होऊ नये म्हणून सांगून ठेवतो.

आता गोष्ट थोडक्यात. कौतिक नावाची एक बाई. नवरा महादेव, जातीने शिंपी. शिलाई हा घरचा धंदा, पण महादेवचे कामात मन नाही, हिंमतही नाही. बसून राहणारा, दुसऱ्याच्या भरवशावर दिवस काढणारा माणूस. कौतिक अगदी उलट. आपल्या हिमतीवर संसार उभा करायचा, कोणाच्या दारात हात पसरायचा नाही, हा तिचा बाणा. नवऱ्याला ढकलत ढकलत कामाला लावते, स्वतः लोकांच्या वावरात रोजमजुरीला जाते, लेकरांच्या तोंडात घास घालते. पण एक सावरले की दुसरे ढासळते. थोरला पोरगा भीमा हाताशी यायचा तो घरापासून दूर जातो. धाकट्या नामाने शिकावे हा तिचा ध्यास, तर गरिबी त्याच्या शाळेच्या आड उभी राहते. आणि महादेवला महारोग जडतो. त्या काळी महारोग जडला की माणूस घरातून उठलाच. शेवट आम्ही सांगणार नाही, तो ज्याने त्याने वाचावा. एवढेच सांगतो की लेखकाने वाचकाला बरे वाटावे म्हणून कुठेही खोटा दिलासा दिलेला नाही. लॉटरी लागत नाही, मोठ्या मनाचा सावकार भेटत नाही, हरवलेला भाऊ परत येत नाही.

नाव ‘धग’ काहून ठेवले असेल? आपल्या बायांना हे सांगावे लागत नाही. जाळ डोळ्यांना दिसतो, धग अंगाला लागते. जाळ विझला तरी चुलीतल्या निखाऱ्याची धग राहतेच. गावात घर जळाले तर लोक पाण्याच्या बादल्या घेऊन धावतात. पण घर नुसते धगत असेल, वर्षानुवर्षे, तर कोणी धावत नाही. कारण बाहेरून काही दिसतच नाही. कौतिकचे घर तसे आहे. तिथे एक दिवस मोठे संकट आले आणि सगळे गेले, असे होत नाही. रोज थोडे थोडे जाते. गरिबी अशीच असते, हे ज्याने भोगले त्याला कळते.

दुसरी गोष्ट भाषेची. वर्धा नदी ओलांडली की पलीकडे अमरावती जिल्हा, कौतिकचे वऱ्हाड. तिथली आणि आपली बोली सख्ख्या बहिणी. या कादंबरीतली माणसे तोंड उघडतात तेव्हा वऱ्हाडीत बोलतात. आम्ही शाळेत असताना ‘काहून’ म्हटले की वर्ग हसायचा. पुस्तकातली माणसे ‘का’ म्हणतात, आपण ‘काहून’ म्हणतो, म्हणजे पुस्तक आपल्यासाठी नाही, अशी समजूत लहानपणीच मनात बसते. असा पोट्टा पुढे पुस्तकापासून चार हात लांबच राहतो. ‘धग’ हाती आली तेव्हा पहिल्यांदा असे वाटले की, अरे, ही तर आपली माय बोलते आहे, शेजारची काकू बोलते आहे. जिच्या बोलण्याला कोणी किंमत देत नव्हते तिचे बोलणे छापले गेले. ही लहान गोष्ट नाही. ज्यांचे बोलणे कागदावर येत नाही त्यांचे दुःखही हिशेबात येत नाही.

आता कोणी विचारेल, आणि विचारावेच, की विहारात शिंप्याच्या घराची गोष्ट कशाला? आपली दुःखे कमी आहेत का? आपल्या लेखकांनी लिहिलेली पुस्तके काय कमी आहेत? बरोबर आहे. ती तर वाचलीच पाहिजेत. शिंप्याच्या घरात आणि आपल्या घरात फरक होता तोही विसरता येत नाही. शिंप्याच्या बाईला गावच्या विहिरीवर जाता येत होते, तिच्या हाताचे पाणी कोणी टाकून देत नव्हते. आपल्या मायबापाला गरिबीच्या वर जातीचे ओझे होते, कौतिकच्या डोक्यावर ते तसे नव्हते. पण हाच मुद्दा उलटा करून पाहा. जातीचे एवढे ओझे नसतानाही एक कष्टाळू, निर्व्यसनी, स्वाभिमानी बाई आपले घर वाचवू शकत नाही. मग गरिबी ही आळशाला मिळालेली शिक्षा आहे, असे जे लोक सांगतात, ते किती खोटे बोलतात! आणि गरिबी हे मागल्या जन्मीचे देणे आहे असे जे सांगतात, ते तर त्याहून खोटे. म्हणून ही गोष्ट आपल्याही कामाची आहे.

मागे आम्ही हे पुस्तक काही बायांना वाचून दाखवले. दुपारची वेळ, वेचणीचे दिवस संपलेले. रोज थोडे थोडे वाचायचे. वाचताना कोणी रडले नाही, हे सांगितले पाहिजे. बाया मान डोलवत होत्या, मधेच ‘हाव ना बाई, असंच असते’ म्हणत होत्या. पुस्तक संपल्यावर आम्हाला वाटले, आता म्हणतील, बाई मोठी धीराची होती. तसे म्हटलेही. पण एक म्हातारी बराच वेळ गप्प होती. ती म्हणाली, “धीराची होती, खरं हाय. पण ते सारं एकटीनंच काहून ओढत होती? बाकीचे कुठी होते?”

बंधू-भगिनींनो, आम्ही या कादंबरीवर पुष्कळ विचार केला होता, पण त्या म्हातारीच्या प्रश्नाच्या पुढे आम्ही अजून गेलेलो नाही. आजचे आमचे सारे बोलणे त्या प्रश्नावरच आहे. कौतिक हे नाव आणि कौतुक हा शब्द एकाच मुळाचे. पुस्तक वाचून लोक कौतिकचे कौतुक करतात. काय जिद्द, काय कष्ट, काय स्वाभिमान! आणि पुस्तक मिटून ठेवतात. बाईच्या जिद्दीचे कौतुक करणे फुकट पडते, त्याला दमडी लागत नाही. तिच्या मागे उभे राहायला मात्र वेळ लागतो, पैसा लागतो, कधी भांडण लागते. म्हणून आम्ही म्हणतो, कौतिकचं नुसतं कौतुक नको.

गिरणीतले उदाहरण देतो. रिंग फ्रेमवर शेकडो चात्या एकाच वेळी फिरत असतात. धागा तुटतो, तो लगेच सांधावा लागतो. एका माणसाकडे ठरावीक बाजू असतात, तेवढ्या तो सांभाळू शकतो. त्याला दुप्पट बाजू दिल्या तर तो कितीही चलाख असो, इकडचा धागा सांधेपर्यंत तिकडचे चार तुटतात. मग सुताची नासाडी झाली म्हणून त्याला आळशी म्हणायचे का? कामगार संघटनेने हेच तर भांडून मिळवले, की एका माणसावर किती बाजू टाकायच्या याला हद्द पाहिजे. कौतिकच्या संसारात साऱ्या बाजू एकटीवर. नवऱ्याची, लेकरांची, पोटाची, आजाराची, इज्जतीची. ती एक धागा सांधते तोवर दुसरा तुटतो. चूक तिच्या हाताची नाही. एका हातावर जेवढे टाकले गेले ते हाताबाहेरचे होते.

‘धग’च्या एकच वर्ष अगोदर, १९५९ साली, अण्णा भाऊ साठे यांची ‘फकिरा’ निघाली होती. ती तर अण्णा भाऊंनी बाबासाहेबांच्या लेखणीलाच अर्पण केली आहे. तिच्यातही उपासमार आहे. पण फकिरा उपाशी वस्तीसाठी धान्य लुटून आणतो, आणि त्याच्या मागे वस्ती उभी राहते. तिथे भूक एकट्याची नसते. ‘धग’मध्ये भूक एकेका घराच्या आत असते, दार लावून घेतलेली. आम्ही कोणाला धान्य लुटायला सांगत नाही. सांगायचे ते एवढेच की शेजारधर्म वेगळा आणि पाठीशी उभी असलेली वस्ती वेगळी. वाटीभर पीठ उसने मिळते ते शेजारधर्मात. मजुरी ठरवायला, पोराची शाळा टिकवायला, आजारी माणसाला दवाखान्यात न्यायला वस्ती लागते.

आता आपल्या धम्मातली एक गोष्ट आठवा, कारण ती इथे लागू पडते. किसा गोतमीचे लेकरू मेले. ती मेलेले पोर कडेवर घेऊन औषध मागत फिरली. तथागतांनी तिला सांगितले, ज्या घरात कोणी मेले नाही त्या घरातून मोहरीचे दाणे घेऊन ये. ती दारोदार फिरली आणि तिला कळले की असे घर नाहीच. मृत्यूपासून सुटका नाही हे तिला उमगले. ही गोष्ट आपण लेकराबाळांना सांगतो आणि सांगावीच.

पण काही लोक ही गोष्ट सगळ्याच दुःखांना लावतात. म्हणतात, संसारात दुःख आहेच, सोसा. इथे थांबून विचार केला पाहिजे. किसा गोतमीचे दुःख मृत्यूचे होते, ते कोणाला चुकवता येत नाही. कौतिकच्या दुःखातले कोणते असे होते? मजुरी कमी, ते कोणी तरी ठरवलेले होते. पोराची शाळा सुटते, ती पैशावाचून सुटते. नवरा रोगाने तुटतो, त्या रोगाला पुढे औषध निघाले. कौतिक गोतमीसारखी दारोदार फिरली असती आणि विचारले असते, असे घर दाखवा जिथे पोरगा पैशावाचून शाळेतून निघाला नाही, तर अशी घरे त्याच गावात निघाली असती! पाटलाचे निघाले असते, सावकाराचे निघाले असते. म्हणजे हे दुःख सगळ्यांच्या वाट्याला आलेले नाही, काहींच्याच वाट्याला घातलेले आहे. तथागतांनी दुःख आहे एवढे सांगून सोडले नाही, दुःखाला कारण आहे आणि ते दूर करता येते हेही सांगितले. चुकवता न येणारे दुःख कोणते आणि चुकवता येणारे कोणते, हे वेगळे करायला शिकणे हीच आमच्या मते या कादंबरीची शिकवण.

तर एकेक करून पाहू.

पहिली मजुरी. आपल्या बाया निंदायला जातात, वेचायला जातात. वेचणी करताना बोंडाची टोके बोटांत घुसतात, संध्याकाळी भाकर थापताना ती बोटे झोंबतात. या कष्टाला किमान काही दाम असावा हा विचारसुद्धा फार जुना नाही. किमान वेतनाचे विधेयक मांडले गेले १९४६ साली, बाबासाहेब मजूरमंत्री असताना, आणि कायदा झाला १९४८ साली. शेतमजुरीही त्यात धरलेली होती. बाई-माणसाला एकाच कामाचे सारखे दाम मिळावेत हा कायदा १९७६ सालचा. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीची कामे निघाली, त्याचा कायदा १९७७ साली झाला आणि १९७९ पासून लागू झाला. पुढे २००५ साली त्याच धर्तीवर साऱ्या देशासाठी कायदा आला. कौतिकच्या ओटीत यातले काहीही पडलेले दिसत नाही. तिला काम मिळेल त्या दिवशी भाकर, नाही तं नाही. आज कायदे आहेत म्हणून आपण समाधान मानतो. पण वावरात बाईमाणसाला काय हातावर ठेवतात आणि पुरुषाला काय, हे इथे बसलेल्या बायाच सांगतील. कायदा आपल्या पायाने वावरापर्यंत चालत येत नाही, त्याला हाताला धरून आणावे लागते.

दुसरा आजार. इथे आम्हाला जरा जास्त बोलायचे आहे, कारण हा विषय आपल्या जिल्ह्याचा आहे. महादेवला जडलेला महारोग, ज्याला आता कुष्ठरोग म्हणतात, त्याच्याशी लढण्यात वर्धा जिल्ह्याचे नाव मोठे आहे. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहरजी दिवाण यांनी १९३६ साली कुष्ठधाम सुरू केले. सेवाग्रामला परचुरे शास्त्री नावाचे कुष्ठरोगी विद्वान १९३९ साली आले, तेव्हा गांधीजी स्वतः त्यांचे अंग चोळून देत होते. गांधीजींशी आपले राजकीय भांडण मोठे आणि खरे, ते आम्ही झाकत नाही. पण जे चांगले झाले ते चांगले म्हणायला आपण घाबरू नये. १९५१ साली वर्ध्याला गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान निघाले. तिथल्या डॉक्टर-कार्यकर्त्यांनी वेगळीच पद्धत पाडली. रोग्याने दवाखान्यात यावे म्हणून वाट पाहायची नाही, आपणच गावोगाव, घरोघर जाऊन तपासायचे, लोकांना समजावायचे आणि तिथेच औषध द्यायचे. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने एकाहून जास्त औषधे एकत्र देण्याचा उपचार सुचवला. देशात ज्या जिल्ह्यांत तो सर्वांत आधी सुरू झाला त्यात आपला वर्धा जिल्हा होता.

हे नीट लक्षात घ्या. ज्या रोगाने कौतिकचे घर फुटले, तो रोग मुळापासून बरा करणारे औषध आपल्या जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांत आधी पोचले. आज सरकारी दवाखान्यात ते फुकट मिळते. रोग कमी असेल तर ६ महिने, जास्त असेल तर १२ महिने. औषध सुरू झाले की थोड्याच दिवसांत त्या माणसापासून दुसऱ्याला लागण होण्याचे भय राहत नाही. मग आजही लोक अंगावरचा चट्टा काहून लपवतात? कारण औषध निघाले तरी लाज निघाली नाही. पोरीचे लग्न जमणार नाही, लोक पाणी घेणार नाहीत, ही भीती. आणि ही भीती अगदीच खोटीही नव्हती. २०१९ पर्यंत नवऱ्याला किंवा बायकोला कुष्ठरोग आहे, हे घटस्फोटाचे कारण म्हणून कायद्यात लिहिलेले होते. आपल्या बौद्धांच्या लग्नांना जो विवाह कायदा लागतो त्यातही ते होते. २०१९ साली संसदेने ते काढले. कायद्यातून निघायला औषधानंतर ३८ वर्षे लागली. मनातून निघायला किती लागतील? शिवाशिवीचा अर्थ ज्या समाजाला पिढ्यानपिढ्या कळलेला आहे, त्या समाजाने तरी रोग्याची शिवाशिव पाळू नये. महादेव आळशी होता, त्याचा राग येतो. पण रोग जडल्यावर तो घरातून तुटतो ती शिक्षा आळसाची नव्हती. ती सगळ्या गावाने मिळून दिलेली शिक्षा होती.

तिसरे शिक्षण. नामाने शिकावे हा कौतिकचा ध्यास. आपल्या मायबापांचाही हाच ध्यास होता, आणि त्यांना तो बाबासाहेबांनी दिला होता. त्या ध्यासामुळेच आज या सभेत शिक्षक बसले आहेत, परिचारिका बसल्या आहेत, बँकेतले बसले आहेत. पण एवढ्यावर गोष्ट संपत नाही, हे दुसरी एक कादंबरी सांगते. सदानंद देशमुख यांची ‘बारोमास’, २००२ साली निघालेली. तिला २००४ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. तीही आपल्याच विदर्भातली, बुलढाण्याकडची. तिच्यातला एकनाथ हा शेतकऱ्याचा पोरगा भरपूर शिकलेला आहे. पण नोकरीसाठी जो पैसा मोजावा लागतो तो घरात नाही. शेती परवडत नाही, बायको अलका या हलाखीला कंटाळते, घर आतून तुटत जाते. ती कादंबरी निघाली त्याच्या चारच वर्षांनी, २००६ साली, शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे पंतप्रधानांना विदर्भातल्या ६ जिल्ह्यांसाठी मदतीचा कार्यक्रम जाहीर करावा लागला. त्या सहात आपला वर्धा होता.

म्हणजे पाहा, कौतिकला वाटत होते की नामा शिकला की घर वर येईल. बेचाळीस वर्षांनी एकनाथ शिकूनही घर वर येत नाही. मग शिक्षण फुकट का? नाही. एकनाथला निदान कळते की आपल्याला कोण लुटते आणि कसे लुटते. पण एकट्याचे शिक्षण हे एकट्याच्या कष्टासारखेच असते. ते त्याला घाम फोडते, आधार देत नाही. बाबासाहेबांनी शिक्षणाबरोबर संघटन सांगितले, ते उगाच नाही. शिकलेला पोरगा नोकरी लागताच गावाकडे पाठ फिरवतो आणि नोकरी न लागलेला पोरगा घराच्या कोपऱ्यात तोंड लपवून बसतो, तेव्हा दोघेही एकटेच पडलेले असतात.

आम्ही गिरणीत बदली कामगार म्हणून लागलो, पुढे कायम झालो, आणि एक दिवस काम थांबले. त्या दिवसांत आमच्यासारख्या कितीतरी घरांत चूल पेटत राहिली ती बायांच्या मजुरीवर. पुरुष युनियनच्या सभेत गाऱ्हाणी मांडत होते, आणि ते बरोबरच होते. बाया मात्र कुठल्याही सभेत नव्हत्या. त्या पहाटे उठून वेचणीला जात होत्या. त्यांच्या हजेरीचा पट कोणी ठेवला नाही, त्यांना कोणी कामगार म्हटले नाही. ‘धग’ वाचताना आम्हाला त्या साऱ्या बाया आठवल्या. शेळक्यांनी एका बाईची हजेरी लावून ठेवली आहे. बाकीच्यांची आपण लावायची आहे.

आता करायचे काय? भाषण ऐकून टाळ्या वाजवून घरी जायचे असेल तर आम्ही एवढे बोललोच नसतो. चार गोष्टी सुचवतो, समितीने विचार करावा.

एक. वर्षावासात आपल्या विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चे वाचन होते. वर्षावास संपला की विहार संध्याकाळी रिकामा असतो. तेव्हा आठवड्यातून एक दिवस असे एखादे पुस्तक मोठ्याने वाचावे. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी ऐकावे, आणि पोरांनी पाळीपाळीने वाचावे. ‘धग’पासून सुरुवात करा. बोली आपलीच आहे, पोरांची जीभ अडखळणार नाही.

दोन. विहारात एक वही ठेवावी. वस्तीतले कोणते लेकरू आठ दिवस शाळेत गेले नाही, ते तिच्यात लिहावे, आणि महिला मंडळाच्या दोघींनी त्या घरी जाऊन काहून गेले नाही ते विचारावे. वह्या-पुस्तकांवाचून थांबले असेल तर तेवढे तरी आपल्याला जमते. आजारी मायजवळ थांबले असेल तर मायची सोय लावावी.

तीन. वेचणीच्या आणि निंदणाच्या अगोदर बायांनी एकत्र बसून मजुरीचे बोलून घ्यावे. एकटीने मागितले तर ‘उद्या येऊ नको’ म्हणतात. वीस जणींना असे म्हणता येत नाही, कारण कापूस वावरात वाट पाहत थांबत नाही.

चार. कोणाच्या अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल, तिथे टोचले तरी कळत नसेल, तर त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन जावे. ‘घेऊन जावे’ म्हणतो, ‘पाठवावे’ म्हणत नाही. सोबत कोणी असले की अर्धी लाज तिथेच जाते.

यातले एकही काम मोठे नाही. लाखो रुपये लागत नाहीत, मंत्र्याची चिठ्ठी लागत नाही. पण कौतिकच्या गावात ही चार कामे करणारी माणसे असती तर तिची गोष्ट निराळी झाली असती. मग कदाचित ती कादंबरी झाली नसती, आणि आम्हाला त्याचे मुळीच वाईट वाटले नसते. एक चांगली कादंबरी कमी झाली असती आणि एक घर वाचले असते.

शेवटी त्या म्हातारीचा प्रश्न तुमच्या हवाली करतो. आपल्या वस्तीत आजही दोन-चार कौतिक आहेत, तुम्हाला त्यांची घरे ठाऊक आहेत. पन्नास वर्षांनी कोणी त्यांची गोष्ट लिहिली आणि वाचणाऱ्याने विचारले, “बाकीचे कुठी होते?”, तर त्या पुस्तकात आपले उत्तर सापडले पाहिजे. विहाराच्या भिंती उभ्या करायला आपण वर्गणी दिली, श्रमदान केले. त्या भिंतींच्या आत जे बसतात त्यांनी एकमेकांच्या पाठीशी बसावे, एवढीच या वर्धापनदिनी विनंती.



नमो बुद्धाय! जयभीम!